रोज एक विनोद आणायचा कुठून?

पत्र थोडक्यात असं: "सर, मी मिरजेची, वय २६, एका पतसंस्थेत नोकरी करते. इन्स्टाग्रामवर आजी आणि नातू अशी एक स्ट्रिप, म्हणजे ओळीने काही चौकटींत सांगितलेली चित्रगोष्ट, टाकते, आठवड्याला एक. आता इथल्याच एका पेपरचे संपादक म्हणतायत रोज छापू, पण आधी महिनाभराच्या स्ट्रिप तयार करून द्या. तेव्हापासून मला झोप नाही. रोज एक विनोद आणायचा कुठून? त्यात लोक म्हणतात चित्र कच्चं आहे. भाऊ म्हणतो एआयकडून काढून घे. पैसेही फार नाहीत. सोबत सहा स्ट्रिप पाठवतेय, खरं खरं सांगा, जमेल का मला? आणि कागदावर काढू की टॅबवर?"

तुझ्या सहाही स्ट्रिप मी आधी फोनवर बघितल्या आणि मग प्रिंट काढून बघितल्या, पेपरात जेवढ्या येतील तेवढ्याच आकारात. खरं खरं विचारलंयस म्हणून सांगतो, जमेल. पण तू आत्ता करतेयस तशी रोज विनोद शोधायला बसलीस तर नाही जमणार, दोन-तीन आठवड्यांत पाटी कोरी होईल, कारण जगात नवे विनोद फार थोडे असतात आणि जे असतात ते सकाळी सातच्या आत सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर येऊन गेलेले असतात.

एकटं व्यंगचित्र आणि रोजची स्ट्रिप हे दोन वेगळे धंदे आहेत, आणि आपल्याकडे हे फारसं कोणी सांगत नाही कारण मराठीत व्यंगचित्र वाढलं ते मुख्यतः दिवाळी अंकात आणि साप्ताहिकात. शि. द. फडणीसांचं ते दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरचं चित्र आठव, मांजरांच्या प्रिंटची साडी नेसलेली मुलगी आणि शेजारी उंदरांच्या प्रिंटचा शर्ट घातलेला मुलगा. एक शब्द नाही. ती मुलगी कोण, तो मुलगा कुठे नोकरीला, काही माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची गरजही नाही, कारण तिथे कल्पनाच राजा आहे, ती एकदा डोक्यात शिरली की काम झालं. तशा कल्पना वर्षात चार सुचल्या तरी माणूस मोठा. स्ट्रिपचं तसं नाही. स्ट्रिप उभी राहते माणसावर. वाचक रोज सकाळी त्या माणसाला भेटायला येतो, आज त्याचं काय झालं बघायला येतो. हसू आलं तर चांगलंच, पण एखाद दिवशी नाही आलं तरी तो उद्या परत येतो. रोजचं काम करणाऱ्याला वाचवतं ते हेच.

आता तुझी आजी घे. पहिल्या स्ट्रिपमध्ये तिला गुगल पे कळत नाही. दुसऱ्या स्ट्रिपमध्ये ती राजकारणावर असं काही बोलते की टीव्हीवरचे लोक गप्प बसतील. चौथ्यात ती भोळी, पाचव्यात खाष्ट, सहाव्यात परत भोळी. म्हणजे विनोदाला जी आजी लागली ती तू आणलीस. सहा स्ट्रिप आणि सहा आज्या, फक्त नऊवारी आणि चष्मा तेवढा तोच. ते विनोद कुठल्याही आजीच्या तोंडी बसतील आणि म्हणूनच तुझ्या आजीचं एकही वाक्य माझ्या लक्षात राहिलं नाही.

पण तिसरी स्ट्रिप! ती मी बायकोला दाखवली, शेजारच्यांना दाखवली. आजी फोनवर मुलीला सांगतेय, नको गं येऊस, उन्हाची कशाला दगदग. मग, मी अगदी बरी आहे, माझं काही अडलं नाहीये. मग ठेवते हं. आणि शेवटच्या चौकटीत काही बोलणं नाही, आजी फाटकापाशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसलीये. अगं, ही आजी आहे तुझी! तोंडाने नको म्हणते आणि मनात हवं असतं. हे तुला कोणी शिकवलं नाही, तू बघितलंयस कुठेतरी, घरातच बहुतेक. या एका स्वभावावर तुझा महिनाच काय, दोन-तीन वर्षं निघतील.

कसं ते बघ. तिच्या वाढदिवसाला ती काय म्हणेल? कशाला खर्च. आणि संध्याकाळी दारात रिक्षा थांबली की पहिली खिडकीत कोण येईल? डॉक्टर विचारतील दुखतंय का, ती म्हणेल छे, आणि घरी आल्यावर नातवाला म्हणेल त्या डॉक्टरला काही कळत नाही, विचारलंसुद्धा नाही नीट. आंब्याची पेटी आली की म्हणेल मला नको, मुलांना द्या. टीव्हीचा रिमोट नातवाला देईल आणि मग त्याच्या मॅचमध्ये दर पाच मिनिटांनी विचारेल, संपली का रे. यातला एकही विनोद नाहीये बघ, नुसत्या परिस्थिती आहेत. स्वभाव पक्का असला की परिस्थितीत पात्राला नेऊन उभं करायचं आणि ते काय करतं ते गपचूप बघायचं, मग शेवटची चौकट बरेचदा तेच पात्र सांगतं.

आणि तू मिरजेची आहेस याचा उपयोग कर की! एकाही स्ट्रिपमध्ये मिरज दिसत नाही, ती आजी कोथरूडमध्येही असू शकते आणि नागपुरातही. मिरजेला गावोगावचे, पार कर्नाटकातले लोक दवाखान्यासाठी येतात, आणि पेशंटबरोबर आलेले पाव्हणे ओळखीपाळखीच्या घरी मुक्काम टाकतात. तोंडाने नको म्हणणाऱ्या आणि मनातून माणसं हवी असणाऱ्या बाईच्या घरी हे सतत पाव्हणे! मला तर इथेच महिनाभराचा माल दिसतोय. तिकडे सतारी बनवणारे आहेत, जंक्शन आहे, रात्री-अपरात्री गाडीने उतरणारी माणसं आहेत. तुझ्या पेपरचा वाचक रोज याच रस्त्यांवरून जातो, त्याला त्याचं गाव चौकटीत दिसू दे, हे मोठ्या पेपरातल्या कुठल्याच स्ट्रिपला जमणार नाही.

तीच गोष्ट परत परत आली तर लोक कंटाळतील अशी भीती तुला वाटेल, म्हणून अमेरिकेतल्या चार्ल्स शुल्झचं उदाहरण देतो. त्याची 'पीनट्स' ही रोजची स्ट्रिप २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली ती फक्त सात पेपरांत, आणि संपली फेब्रुवारी २००० मध्ये, त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी शेवटची रविवारची स्ट्रिप छापून आली. जवळजवळ अठरा हजार स्ट्रिप, सगळ्या एकट्याने काढलेल्या, अक्षरंसुद्धा स्वतःच्या हातची. त्यात लुसी नावाची मुलगी फुटबॉल धरते, चार्ली ब्राऊन लांबून धावत येतो लाथ मारायला, ऐनवेळी ती बॉल काढून घेते आणि हा पाठीवर आदळतो. लुसीने हे पहिल्यांदा केलं १९५२ मध्ये आणि मग जवळजवळ दरवर्षी केलं. शेवट काय होणार ते वाचकाला माहीत, चार्ली ब्राऊनलाही माहीत. तरी लोक वाट बघायचे, कारण या वर्षी ती त्याला कसं पटवते आणि तो पुन्हा विश्वास का ठेवतो हे बघायचं असायचं. विनोद तोच ठेवून माणूस दरवेळी थोडा जास्त उघडा करायचा, इतकं कठीण काम आहे ते आणि मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

आपल्याकडे 'चिंटू'. १९९१ साली पुण्याच्या 'सकाळ'मध्ये सुरू झाला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर दोघांनी मिळून केलेला. माझ्या ओळखीची कितीतरी मुलं पेपर वाचायला शिकली ती चिंटूपासून, घरात पेपर आला की आधी ते पान ओढायचं. पप्पू, मिनी, बगळ्या ही पोरं आपल्याच बिल्डिंगमधली वाटायची. त्यातले विनोद आज कोणाला विचार, फारसे आठवणार नाहीत, पण ती पोरं प्रत्येकाला आठवतील. आणि दोघं मिळून करत होते हेही लक्षात ठेव. तुला कोणी असं मिळालं, मैत्रीण, भाऊ, कोणीही, ज्याला ती आजी तुझ्याइतकीच माहितीये, तर आठवड्यातून एक संध्याकाळ त्याच्याशी नुसतं आजीबद्दल बोल. एआयपेक्षा भावाचा हा उपयोग जास्त होईल.

आता चित्र. लोक कच्चं म्हणतात, मला नाही वाटत. तुझं चित्र भरगच्च आहे. मागे भिंतीवर कॅलेंडर, कॅलेंडरवर तारखा, साडीला काठ, काठाला बुट्टे, आणि सगळीकडे बारीक उभ्याआडव्या रेघा मारून काढलेली सावली. फोनवर ते छान दिसतं, माणूस दोन बोटांनी मोठं करून बघतो. पेपरात तसं मोठं करता येत नाही. पेपरचा कागद शाई पितो, शाई थोडी पसरते, आणि तुझ्या त्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग होतो. मी प्रिंट काढली तेव्हा दुसऱ्या स्ट्रिपमध्ये आजीचा चेहराच गेला होता, आणि जिचं सगळं चेहऱ्यावर आहे तिचा चेहरा गेल्यावर काय उरलं. पेपरचा एक कॉलम साधारण चार सेंटीमीटरचा असतो, तुझी एक चौकट साधारण तेवढीच येईल. त्यात आजी, खुर्ची आणि फाटक बसतं. त्याच्यावर काही टाकायचं असेल तर ते का टाकतेय ते स्वतःला विचार.

जागा कमी मिळते म्हणून रडायचं नाही असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला त्याचा राग येतो, जाहिरात आली की पहिली आक्रसते ती स्ट्रिप, आणि संपादकांना त्यात काही गमावलं असं वाटतच नाही. अमेरिकेत 'कॅल्विन अँड हॉब्ज' ही स्ट्रिप काढणाऱ्या बिल वॉटरसनने याच्यासाठी भांडण केलं आणि रविवारच्या पानावर आपल्या चित्राला कोणी कापणार नाही अशी अर्ध्या पानाची जागा मिळवली, पण तोवर तो खूप मोठा झाला होता. तुझ्या हातात आत्ता एवढंच आहे की मिळेल त्या जागेत नीट वाचता येईल असं काढायचं. शुल्झलाही सुरुवातीला जागा वाचवणारी स्ट्रिप म्हणूनच विकलं होतं, चार सारख्या छोट्या चौकटी, म्हणजे पेपरवाल्याला आडव्या लावता येतील, उभ्या लावता येतील, चौकोनात लावता येतील. त्याला ते आवडलं नव्हतं. पण त्या छोट्या चौकटीमुळेच त्याची रेघ इतकी कमी आणि इतकी नेमकी झाली.

आर. के. लक्ष्मणांच्या 'कॉमन मॅन'चंही तसंच. सुरुवातीला ते सामान्य जनता दाखवायला बंगाली, तमिळ, पंजाबी अशी वेगवेगळी माणसं काढायचे. रोजच्या डेडलाइनमध्ये एवढी गर्दी जमेना म्हणून एकेक कमी करत गेले आणि शेवटी उरला तो चौकड्यांचा कोट आणि धोतरातला एकटा म्हातारा. आणि तो बोलत नाही! 'टाइम्स'मध्ये पन्नासहून जास्त वर्षं लोक त्याच्याभोवती बोलत राहिले, मंत्री, साहेब, त्याची बायको, आणि तो नुसता बघत राहिला. तुझ्या आजीनेसुद्धा कधीतरी पूर्ण स्ट्रिपभर गप्प बसून बघावं, तुला कळेल तिचे डोळे तू किती नीट काढतेस.

अक्षरांकडे मात्र तुझं साफ दुर्लक्ष झालंय आणि हे मी जरा जोरात सांगणार आहे. तू आधी चित्र काढतेस आणि मग उरलेल्या जागेत टाइप केलेला फॉन्ट कोंबतेस. उलटं कर. आधी पेन्सिलीने शब्द लिही, त्याच्याभोवती फुगा काढ, आणि मग राहिलेल्या जागेत माणसं. इंग्रजी स्ट्रिपमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं असतात, एकाच उंचीची, त्यामुळे ओळीला ओळ चिकटवून लिहिता येते. आपलं तसं नाही, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसला की वाचक अडखळतो आणि अडखळला की शेवटच्या चौकटीचा टायमिंग गेला. म्हणून दोन ओळींत अंतर जास्त लागतं, म्हणजे त्याच फुग्यात इंग्रजीपेक्षा शब्द कमी बसतात, म्हणजे वाक्य तोडून लिहावं लागतं. एका चौकटीत दहा-बारा शब्दांच्या वर जाऊ नकोस. आणि हाताने लिही. तुझं पत्रावरचं अक्षर चांगलं ठसठशीत आहे, ते आजीच्या तोंडी शोभेल, फॉन्टने आजी सरकारी नोटीस वाचल्यासारखी बोलते. जो आधी बोलतो तो डावीकडे आणि त्याचा फुगा वर, हे पाळ. पाचव्या स्ट्रिपमध्ये नातवाचं उत्तर आधी वाचलं जातं आणि आजीचा प्रश्न नंतर, म्हणून ती पडली, विनोद बरा होता.

भावाच्या एआयबद्दल. तो तुझ्या काळजीपोटी सांगतोय, त्याच्यावर चिडू नकोस. पण तू नको करूस. आजीचं नाक उद्याही तेच यायला हवं वगैरे अडचणी सुटतील कधीतरी, माझं म्हणणं वेगळंच आहे. स्ट्रिप सुचते ती कच्च्या रेघा मारता मारता. तू आजीला खुर्चीत बसवायला जातेस, पेन्सिल जराशी चुकते, ती थोडी पुढे वाकून बसल्यासारखी दिसते आणि तुला एकदम कळतं की ही वाट बघतेय. ती फाटकावरची चौकट तुला अशीच सापडली असणार, आधी वाक्यात लिहून नाही. चित्र दुसऱ्याकडून करून घेतलंस तर हे सापडणं बंद होईल, आणि रोजच्या कामात तेवढंच तर आपल्या हातात आहे. शुल्झचा १९५० चा चार्ली ब्राऊन आणि दहा वर्षांनंतरचा शेजारी ठेवून बघ, वेगळाच मुलगा वाटतो. काढत काढत तो तिथे पोचला. तुझी आजीही वर्षभरात बदलेल, बदलू दे.

महिनाभराच्या स्ट्रिप आधी मागितल्या यात संपादकांचं काही चुकलं नाही, उलट तुझ्या भल्याचंच आहे. बाहेरच्या देशात रोजच्या स्ट्रिप कितीतरी आठवडे आधी दिलेल्या असतात. तुझा हा साठा कधीच संपू देऊ नकोस, घरात आजारपण येतं, पतसंस्थेत मार्च येतो, तेव्हा तोच उपयोगी पडेल. त्यासाठी ताज्या बातमीवर स्ट्रिप करायची नाही, त्याला पॉकेट कार्टून आहे, बातमीवरचं एका चौकटीचं चित्र. सण, पाऊस, शाळा, लग्नसराई, उन्हाळी लोणची हे सगळं आधी माहीत असतं, कॅलेंडर घेऊन बस. एका दिवशी फक्त विचार, एका दिवशी फक्त शब्द, एका दिवशी फक्त शाई, असं वाटून घे, रोज सगळं करायला गेलीस तर नोकरी सांभाळून नाही होणार. आणि नोकरी सोडू नकोस, हे तू विचारलं नाहीस तरी सांगतो.

पैसे कमी आहेत म्हणतेस, ते इतक्यात वाढतील असं मला वाटत नाही. पण एक गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे, हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तू बाहेरून, नोकरीवर न राहता स्ट्रिप दिलीस तर हक्क तुझाच राहतो. पेपरात पगारावर असतीस तरी, वेगळा करार नसेल तर, पेपरात छापण्यापुरताच हक्क मालकाचा आणि बाकी सगळा तुझा, पुस्तक, कप, ॲनिमेशन, सगळा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. म्हणून सही करायच्या आधी कागद पूर्ण वाच, "सर्व हक्क कायमस्वरूपी" असले शब्द दिसले तर खोडून घे, आणि फक्त छापण्याची परवानगी देतेय असं लिही. संपादक ओळखीचे आहेत, चांगले आहेत, मान्य, पण संपादक बदलतात. सुपरमॅन ज्या दोन पोरांनी तयार केला त्यांनी १९३८ साली सगळे हक्क १३० डॉलरला लिहून दिले आणि पुढे हक्कांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. आजी तुझी आहे, ती तुझ्याच नावावर राहू दे. इन्स्टावर टाकायची मुभाही त्यातच लिहून घे.

कागद की टॅब, दोन्ही चालेल, हाताला जे सोपं ते. कागदावर काढलंस तर छपाईच्या दुप्पट आकारात काढ आणि रेघ जरा जाड ठेव, कारण लहान करताना रेघही बारीक होते. स्कॅन ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, आणि ग्रेस्केल नाही, शुद्ध काळं-पांढरं, कारण राखाडी आलं की छपाईत त्याचे ठिपके होतात आणि अक्षरांच्या कडा फुटतात. टॅबवर असलीस तर कॅनव्हास सुरुवातीलाच त्या मापाचा घे, नंतर ताणून मोठा करू नकोस. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून अजिबात पाठवायची नाही, तो दाबून लहान करतो, मेलने टीफ नाहीतर पीडीएफ पाठव. आणि शाई लावायच्या आधी संपादकांना नाही, पान लावणाऱ्या ऑपरेटरला भेट, स्ट्रिपची रुंदी नेमकी किती मिलिमीटर धरणार आहेत ते त्याच्याकडून लिहून घे.